उजवीकडची ओळ

२९ मार्च २०१६, मंगळवार

व्यंकट सरांनी आज हुकूम सोडला— टँकरच्या प्रोग्रामचा सगळा कोड साफ करायचा. का, तर नवा जिल्हा होणार! उदगीरचा जिल्हा झाला की तालुके वेगळे होणार, प्रोग्राम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावा लागणार, आणि हा असा कोड दाखवला तर आपली अब्रू जाईल. नवा जिल्हा होणार हे मी देगलूरला शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. दर निवडणुकीला होतो, निकाल लागला की राहतो.

पण कोड घाण आहे हे खरं. महादेवप्पा सरांनी एकट्याने लिहिलाय. एक ओळ भिंतीला टेकलेली, दुसरी पार अंगणात. कंस कुठे उघडतो, कुठे बंद होतो, देवालाच ठाऊक. एका ठिकाणी नाव दिलंय $navin, त्याच्या खाली $navin2, त्याच्या खाली $khara_navin! याच कोडमधून रोज सकाळी तक्ता निघतो— कोणत्या गावाला टँकरच्या किती खेपा, कोणत्या विहिरीत ओतायच्या, ड्रायव्हर कोण. काम तालुक्याच्या ऑफिसचं, ठेका आमच्या कंपनीला. कंपनी म्हणजे व्यंकट सर, महादेवप्पा सर, मी आणि औसा रोडवरची एक खोली.

सर म्हणाले, "हातानं करत बसू नको. मशीन करतंय." म्हणजे फॉर्मॅटर. त्याला फाइल द्यायची, बटण दाबायचं. ओळी रांगेत येतात, कंस जागेवर बसतात, जास्तीची मोकळी जागा जाते. कामात फरक पडत नाही, फक्त दिसणं बदलतं. केस विंचरल्यासारखं, डोकं तेच राहतं.

एकच प्रश्न. लिहिलं महादेवप्पा सरांनी, मग विंचरायचं मी का?

३० मार्च

महादेवप्पा सरांना सांगितलं. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "कशाला गं पोरी? चालून राहिलं ना? चालत्या गाडीला खीळ कशाला घालायलीस?"

म्हटलं, चालण्याला हात लावत नाही सर, फक्त नीट दिसेल.

"नीट दिसून कुणाचं पोट भरलंय?"— आणि उठून गेले. चहा अर्धा टाकून! महादेवप्पा सर चहा कधी अर्धा टाकत नाहीत. दुसऱ्याचा उरला तरी विचारतात.

कुठेतरी पाणी मुरतंय. लातुरात सध्या मुरण्याएवढं पाणी दुसरीकडे कुठे नाही, तेव्हा इथेच मुरत असणार.

आई म्हणते मी संशयी आहे. मी म्हणते मी बघून घेते. बघून न घेणाऱ्यांचं काय होतं ते आमच्या घरात सगळ्यांनी बघितलंय— काकांनी भावाच्या भरवशावर कोऱ्या कागदावर अंगठा दिला आणि बांधापलीकडचं शेत गेलं.

१ एप्रिल

घरमालकीण कस्तुराबाईंनी हौदाला नवं कुलूप घातलं. किल्ली कमरेला. माझ्या बादलीतलं पाणी काल संध्याकाळपेक्षा कमी! बोलले नाही. बादलीला आतून कोळशाने रेघ मारून ठेवली.

२ एप्रिल, शनिवार

फॉर्मॅटर चालवला. एकेक फाइल— काय देखणं काम! दहा वर्षांचा गुंता डोळ्यांदेखत सुटत होता. मला उगीचच गाणं म्हणावंसं वाटलं.

महादेवप्पा सर माझ्या खुर्चीमागे उभे. एवढा वेळ ते उभे राहत नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात. तक्त्याच्या मुख्य फाइलवर आले तसे म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे. तिच्यात मी काम करून राहिलो."

काय काम? त्या फाइलला महिनाभर कुणी शिवलेलं नाही, मला दिसतं ना. म्हटलं, व्यंकट सरांनी सगळ्या सांगितल्यात. आणि बटण दाबलं.

ते जागेवर जाऊन बसले. स्क्रीन चालूसुद्धा केला नाही, नुसतेच बसून होते.

४ एप्रिल

दोन गोष्टी. एकीपेक्षा एक वाईट.

पहिली. जानेवारीपासून आम्ही गिट वापरतो— प्रत्येक ओळ शेवटी कुणी बदलली ते त्यात दिसतं. आज उघडून बघितलं तर ओळीमागून ओळ एकच नाव. शिवकन्या. शिवकन्या. शिवकन्या. झालंय असं की फॉर्मॅटरने ओळ जराशी जरी सरकवली तरी गिटच्या हिशेबाने ती बदलली. आणि बटण दाबणारी मी. महादेवप्पा सरांचं नाव धुऊन निघालं. उद्या कुणी विचारलं हे कुणी लिहिलं, तर उत्तर एकच!

दुसरी. तक्त्याच्या फाइलमध्ये एक ओळ आहे जी मी कधीच बघितलेली नाही. ती फाइल मी सहा महिने वाचतेय, मला तोंडपाठ आहे. मग ही आली कुठून? जुनी प्रत काढून बघितली. तिथे एक साधी ओळ संपते, मग नुसती मोकळी जागा— मोकळी जागा— मोकळी जागा— आणि पार उजवीकडे, स्क्रीनच्या बाहेर, ही बया बसलेली. खालची पट्टी धरून ओढत गेलं तरच दिसते. कोण ओढतं? फॉर्मॅटरने मोकळी जागा खाल्ली आणि ओळ घरंगळत माझ्यापुढे आली.

ओळ सांगते— सात गावं. त्या सात गावांची शेवटची खेप गावच्या विहिरीत ओतायची नाही. दुसरीकडे न्यायची. कुठे, त्याला नाव नाही, नुसते नकाशाचे आकडे; छापील तक्त्यात ते ड्रायव्हरशिवाय कुणी वाचत नाही. सरकारी यादीत ती ठिकाणं नाहीत. ड्रायव्हर दर वेळी एकच, नागप्पा. आकडे नकाशात टाकून बघितले. गावापासून लांब, माळावर, पत्र्याची छपरं. गोडाऊन असणार.

सरकारी टँकर, यादीबाहेरचं ठिकाण, लपवलेली ओळ. अजून काय पाहिजे? पाणी विकतायत! माणसं घागरीवरून डोकी फोडून राहिलीत आणि हे पाणी विकतायत. एवढा राग आला की डबा उघडलाच नाही.

५ एप्रिल

महादेवप्पा सरांना फोन आला. गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं. आणि कानडीत बोलायला लागले.

त्यांना वाटतं मला कळत नाही. मी देगलूरची आहे! आमच्या गल्लीत सकाळी तेलुगूत भांडण सुरू होतं आणि दुपारी कानडीत मिटतं. सगळं बोलता येत नाही, पण कान आहेत. "नागप्पा" म्हणाले. मग "नीरु बंता?"— पाणी आलं का. मग "एल्लरिगू?"— सगळ्यांना? पुढचं रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये गेलं.

सगळ्यांना! म्हणजे एकटे नाहीत, टोळी आहे.

आत आले आणि मला विचारतात, "जेवलीस का गं?" एवढा साळसूद चेहरा!

६ एप्रिल

व्यंकट सरांना एकटं गाठून सगळं सांगितलं. ओळ दाखवली.

दचकले नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय— दचकले नाहीत! ओळ शांतपणे वाचली, दोनदा. मग म्हणाले, "कुणाला बोललीस का?" नाही म्हटलं. "बरं केलंस." मग ओळीपुढचं नाव बघून हसले. "इथं तर तुझंच नाव दिसून राहिलंय की शिवकन्या." वर आणखी, "बघतो मी. तू तुझं काम कर."

ते हसणं माझ्या डोक्यातून जात नाही. साफ करायचं काम मलाच का दिलं ते आता कळलं. दोघं सामील आहेत. प्रकरण उघड झालं की बोट माझ्याकडे. बकरा शोधला होता त्यांनी, आणि बकरा स्वतःच्या पायाने चालत गेला.

७ एप्रिल

लेखी दिलं. मेल केला व्यंकट सरांना आणि सोबत तालुक्याच्या ऑफिसलाही. जुनी फाइल जोडली, नवी जोडली. ही ओळ माझी नाही, फॉर्मॅटर चालवल्यामुळे माझं नाव दिसतं, मूळ कोड महादेवप्पा सरांचा आहे. खाली पूर्ण नाव.

सर माझ्या टेबलापाशी आले. चेहरा पडलेला. "लेखी कशाला दिलंस? आधी मला सांगायचंस ना, मी लेखी देऊ लागले म्हणून."

त्यांना सांगायचं! म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

८ एप्रिल

पाडवा. गुढीचा तांब्या घासायला कस्तुराबाईंनी राख घेतली आणि वाटीभर पाणी. मलाही बोलावलं, कडुलिंब-गूळ दिला. नंतर माझी बादली उचलली तर खाली ओलं. बुडाला सुईएवढं भोक आहे. त्या बाईला काही बोलले नाही तेच बरं.

११ एप्रिल, सोमवार

तालुक्याच्या ऑफिसचा आदेश आला. ओळ ताबडतोब काढा, संबंधिताला कामावरून कमी करा. पोलिसात वगैरे देऊ नका असं व्यंकट सरांनी फोनवर बराच वेळ सांगितलं, मी ऐकलं. ऐकल्यावर म्हटलं, बघा, वाचवतायत एकमेकांना.

ओळ मी माझ्या हाताने काढली.

महादेवप्पा सरांनी चष्म्याचं घर, कप आणि पाठीमागची उशी घेतली. भांडतील, आरडाओरडा करतील म्हणून मी सकाळपासून उत्तरं जुळवून ठेवली होती. दारात थांबले.

"काढलीस?"

"हाव सर."

"सगळी?"

"सगळी."

"बरं," म्हणाले आणि जिना उतरले. गुडघ्यामुळे एकेक पायरी करत.

खरा असता तर भांडला असता माणूस. हो ना? मी तर भांडले असते.

१२ एप्रिल

पाण्याची रेल्वे आली. सगळं लातूर बघायला गेलं म्हणे. मी नाही गेले. ऑफिसात तिसरी खुर्ची रिकामी आहे आणि व्यंकट सर माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

१४ एप्रिल

जयंतीची सुट्टी, पण टँकरच्या फोनला सुट्टी नाही. मी बसले होते. अकराच्या सुमारास एका बाईंचा फोन.

"महादेवप्पा सायेब हायत का?"

ते आता इथे नसतात म्हटलं. तुम्ही कोण?

"मी पंचफुला बोलून राहिले, सावरखेड्याच्या वस्तीवरून. टँकर येईना झालाय ओ. आज बाबासायबांची जयंती हाय, लेकी-जावाई आलेत, अन् एक ड्रम भरलेला न्हाई. लेकरायला आंघोळी न्हाईत."

सावरखेडा. सातातलं एक गाव! मी सावध झाले. विचारलं, तुम्हाला पाणी कोण विकत होतं?

"इकत?" बाईंना कळेचना. "इकत कशाचं? सरकारचा टँकर हाय ना ओ ते? नागप्पा ड्रायव्हर येतो. इकत कोन देतंय?"

किती पैसे घ्यायचा नागप्पा?

 बाई एकदम घाबरून म्हणाल्या, "बाई, आमच्यानं काई चुकलं का?" आणि फोन ठेवला.

पढवलेली असेल. किंवा नसेल. तो "चुकलं का" माझ्या कानात बसलाय.

१६ एप्रिल, शनिवार

जाऊन आले. कुणाला न सांगता. एसटीने फाट्यापर्यंत, पुढे जीप, शेवटी पायी.

गोडाऊन नाही. घरं आहेत. नकाशात मी जी छपरं बघितली होती त्यांच्याखाली माणसं राहतात. रस्त्यावर जयंतीच्या निळ्या पताका अजून होत्या. दारोदार प्लास्टिकचे ड्रम, झाकणं उघडी, आत कोरडी पांढरी रेघ.

पंचफुलाबाई माझ्या आईच्या वयाच्या. टँकरच्या ऑफिसातून आले म्हटल्यावर खाट टाकली, आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. मी पटकन म्हणाले, नको, नको. त्यांच्याकडे पाणी नाही म्हणून म्हणाले मी! पण त्यांचा हात तिथेच थांबला. चेहरा असा मिटला. तांब्या हळूच खाली ठेवून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुमच्यात चालत नसंल."

जीव जावा असं वाटलं. तांब्या उचलला आणि घटाघटा प्यायले, त्यांच्या लेकरांच्या वाटणीचं. न पिणं वाईट आणि पिणंही वाईट, काय करायचं माणसाने?

मग त्यांनी सांगितलं. टँकर गावातल्या विहिरीत रिकामा होतो. विहिरीवर वस्तीच्या घागरी सगळ्यांच्या मागं. "मागं म्हंजे गाळ, बाई. कवा कवा तर घागर बुडंना. बोलावं तर म्हनतेत, तुमची हीर खोदा." दोन वर्षांपूर्वी महादेवप्पा सर गावच्या खेपा तपासायला आले होते. गाळ बघून गेले. पुढच्या आठवड्यापासून शेवटची खेप थेट वस्तीवर यायला लागली. "कुनाला बोलू नका म्हनले. बोललात का बंद करतील." अशाच सात वस्त्या. कुठे त्यांच्यासारखी, कुठे तांडा, कुठे पारध्यांची पालं— हे त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. नागप्पाने कधी चहासुद्धा घेतला नाही. रिकामा टँकर घेऊन निघाला की सरांना फोन लावून सांगायचा, सगळ्यांना मिळालं म्हणून.

एल्लरिगू. सगळ्यांना.

आल्यावर यादी काढून बघितली. सावरखेड्याच्या खेपा ठरवताना लोकसंख्या वस्तीसकट धरलीय. म्हणजे ती खेप त्यांच्याच वाटणीची होती! कुणाचं काही चोरलं नव्हतं. चोरी आजपर्यंत उघड्यावर चालली होती, डावीकडे, नीट रांगेत, आणि मी ती रोज वाचत होते. ती मला कधी संशयास्पद वाटली नाही.

१७ एप्रिल

महादेवप्पा सरांना फोन केला. उचलतील असं वाटलं नव्हतं.

म्हटलं, सर, मला सांगायचं होतं ना!

"सांगितलं असतं तर तू पुरावा मागितला असतास, पोरी." रागाने नाही. नेहमीसारखेच बोलले. मग विचारलं, "पाणी गेलं का वस्तीवर?"

नाही म्हटलं. फोन ठेवला आणि अर्ज लिहायला बसले.

१८ एप्रिल, सोमवार

तालुक्याच्या ऑफिसात गेले, अर्ज घेऊन. सात वस्त्यांना वेगळा टँकर द्या. साहेब चांगले वागले, बसा म्हणाले. "म्याडम, वस्ती म्हंजे काय वेगळं गाव न्हाई. यादीत नाव पाह्यजे. अन् आता याद्याला हात लावता येत न्हाई, नवा जिल्हा होऊन राहिला. एकदा जिल्हा झाला का याद्या नव्यानं निघतील, तवा घालू."

जिल्हा कधी होणार विचारलं. हसले.

निघताना म्हणाले, "बरं, तुम्हीच ना ती चोरी पकडलेली? परवा आमचा माणूस पाठवतो कोड बघायला. दुसरं काई लपून बसलं असलं तर."

१९ एप्रिल

ओळ परत टाकली. लपवून नाही. डावीकडे, रांगेत, कंस जागेवर, सातही वस्त्यांची नावं लिहून. ओळीपुढे माझं नाव आहे आणि या खेपेला ते खरं आहे.

मग व्यंकट सरांपुढे जाऊन उभी राहिले. "ओळ परत टाकली सर. मी टाकली. काढायची असली तर तुम्ही काढा, तुमच्या हाताने."

त्यांनी मान वर केली नाही. "उद्या ऑफिसचा माणूस येणार हाय, माहिती हाय ना?"

माहिती आहे म्हटलं.

"नोकरी जाईल तुझी. ठेकाही जाईल माझा."

"हाव."

"जा घरी," म्हणाले. एवढंच. या माणसाचं मला अजूनही काही कळत नाही. उद्या तो माणूस आला की हे सगळं माझ्यावर ढकलून मोकळे होतील. ढकलू देत. पण ओळ काढली तर मी त्यांना आयुष्यात माफ करणार नाही. आईला फोन करून सांगितलं, कदाचित गावाकडे यावं लागेल. का म्हणाली. म्हटलं, आल्यावर सांगते.

२० एप्रिल

सकाळी फाइल उघडली. ओळ नाही. जिथे ठेवली होती तिथे काहीच नाही. काढली सरांनी! रडायला आलं. ऑफिसचा माणूस आला, वरपासून खालपर्यंत फाइल बघितली, "लई नीटनेटकं हाय" म्हणाला, चहा घेऊन गेला. नंतर तक्ता छापायला घेतला. सावरखेडा, शेवटची खेप: वस्ती. ड्रायव्हर नागप्पा. सातच्या सात. खालची पट्टी धरली आणि उजवीकडे ओढत गेले, ओढत गेले. ओळ तिथे होती. पुढे नाव माझं नव्हतं. व्यंकट सरांचं होतं.